मदत हवी आहे: गाडीतल्या कॉम्प्युटरला स्लॉटवाला डीव्हीडी ड्राइव्ह कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

गाडीत कॉम्प्युटर बसवून झाला आहे आणि तो व्यवस्थित चालतो. अडलंय ते डिस्कच्या ड्राइव्हपाशी. ज्यांनी स्वतः असं काही बसवलंय, त्यांनी कृपया वेळ काढून सांगा.

"सगळं पेनड्राइव्हवर टाका, ड्राइव्ह कशाला?" असं काहीजण म्हणतील, म्हणून कारण आधीच सांगतो. आमच्या गाडीत आई-बाबा, मावशी, आत्या अशी ज्येष्ठ मंडळी असतात. प्रत्येकाकडे अभंग, नाट्यगीतं, कीर्तनं यांच्या जपून ठेवलेल्या सीडी आहेत आणि घरी त्या लावायला आता सीडी प्लेअरच उरलेला नाही. आपल्या हातानं डिस्क सरकवली आणि हवं ते गाणं लागलं, एवढंच त्यांना हवं असतं. ते त्यांना मिळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मांडणी अशी आहे. मिनी-आयटीएक्स हा छोटा मदरबोर्ड (१७ सेंमी चौरस), साठवणीला १२० जीबीची एसएसडी, लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम, डॅशबोर्डवर ७ इंची टचस्क्रीन. वीज एम४-एटीएक्स या गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्युटर सप्लायवरून घेतली आहे. तो ६ ते ३० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो, त्यामुळे स्टार्टर मारताना बॅटरीचं व्होल्टेज खाली आलं तरी मशीन बंद पडत नाही. हा सगळा डबा शेजारच्या सीटखाली आहे. ड्राइव्ह जुन्या लॅपटॉपमधला, स्लॉटवाला (ट्रे नसलेला, खाचेतून डिस्क आत ओढणारा), १२.७ मिमी जाडीचा, स्लिमलाइन साटा (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची पद्धत, तिचा लॅपटॉपचा छोटा प्रकार) जोडणीचा. स्क्रीनखाली एक-डिन म्हणजे गाडीच्या रेडिओच्या मापाचा (१८० × ५० मिमी) कप्पा मोकळा आहे, तिथे तो रुंदीला आरामात मावतो.

पहिली अडचण अंतराची. साटाची केबल एक मीटरपर्यंतच धरायची असते आणि सीटखालून कार्पेटच्या आतून डॅशबोर्डपर्यंत जाताना माझं अंतर त्याहून जास्त होतं. साटाचं यूएसबीत रूपांतर करणारा छोटा बोर्ड लावला तर अंतराचा प्रश्न मिटतो, पण यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपियर देतो आणि डिस्क फिरायला लागताना ड्राइव्ह एक-दीड अँपियर ओढतो. मग ५ व्होल्ट आणायचे कुठून? सिगरेट लायटरच्या चार्जरमधून घेतले तर चालेल का?

दुसरी, आणि मला जास्त सतावणारी, हादऱ्यांची. गाडीच्या मूळ सीडी प्लेअरमध्ये आतली यंत्रणा स्प्रिंगांवर आणि डँपरवर तरंगती असते. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये तसलं काही नाही. पुण्यातले गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे रस्ते तुम्हाला माहीत आहेतच. शिवाय कप्पा थोडा मागे कललेला आहे, त्याचा त्रास होईल का?

तिसरी गोष्ट म्हणजे या ड्राइव्हला बाहेर बटणच नाही. कॉम्प्युटर बंद असताना डिस्क आत राहिली तर ती काढायची कशी?

प्रतिसाद

दादा, विजेचं आधी सांगतो. लायटरचा चार्जर नको. त्याची अर्थिंग वेगळ्या जागेवरून येते आणि कॉम्प्युटरची वेगळ्या; मग इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. तुमच्या एम४ सप्लायमध्येच ५ व्होल्टची भरपूर ताकद आहे. त्याच्या प्लगमधली लाल आणि काळी तार घ्या, पिवळीला हात लावू नका, ती १२ व्होल्टची. सप्लायच्या टोकाला ३ अँपियरचा फ्यूज टाका आणि जाड तारेनं थेट यूएसबीच्या बोर्डापर्यंत न्या. बारीक तारेत दीड अँपियर गेला की टोकाला व्होल्टेज पडतं आणि ड्राइव्ह फिरता फिरता थांबतो. यूएसबी केबलमधली लाल तार मात्र जोडू नका, वीज एकाच वाटेनं येऊ द्या.

डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडा वेळ थांबा. पिवळ्या वेष्टनातल्या तारा आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना टेस्टरसुद्धा लावायचा नाही.

प्रतिसाद

कललेल्या कप्प्याची फार काळजी करू नका. स्लॉट ड्राइव्ह डिस्कला मध्यभागी पकडतो. पीएस३, वी हे खेळांचे डबे उभे ठेवूनही चालायचे. खरा घात होतो तो ड्राइव्हच्या पत्र्याला पीळ बसल्यावर. ॲल्युमिनियमची सपाट पट्टी वाकवून त्यावर ड्राइव्ह घट्ट बसवा आणि रबरी बुश त्या पट्टीच्या आणि गाडीच्या मध्ये टाका. स्क्रू एम२ चे, ३ मिमीपेक्षा लांब नकोत, आत टोचतात. समोरच्या पॅनेलची खाच डिस्कच्या तोंडापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन मिमी मोठी कापा, म्हणजे ड्राइव्ह हलला तरी डिस्क घासणार नाही.

पण हादऱ्यांवर खरा उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे. डिस्कवरून थेट वाजवूच नका. एचडीपार्म या लिनक्सच्या आज्ञेनं ड्राइव्हचा वेग ४एक्सवर (नेहमीच्या वाजवण्याच्या चौपट) बांधा, आवाज आणि थरथर दोन्ही कमी होतात. डिस्क आत गेली की सीडीपॅरानोइया या सीडी उतरवणाऱ्या प्रोग्रॅमनं गाणी एसएसडीवर उतरवत राहायची आणि पहिलं गाणं उतरलं की वाजवायला सुरुवात. चौपट वेगानं ७४ मिनिटांची सीडी साधारण १९ मिनिटांत उतरते; खड्ड्यात पुन्हा वाचावं लागलं तरी हाताशी बरीच गाणी जमलेली असतात. तीच डिस्क पुढच्या वेळी ओळखून एसएसडीवरूनच वाजवता येईल. फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आकार लहान करणाऱ्या फाइलींत) ठेवलंत तर १२० जीबीत सगळ्यांचा साठा मावेल.

प्रतिसाद

बटणासाठी: एखादं साधं यूएसबी बटण पॅनेलवर लावा आणि त्याला इजेक्टची आज्ञा द्या. सप्लाय किल्ली काढल्यावरही काही वेळ मशीन चालू ठेवतो, त्या वेळात डिस्क आपोआप बाहेर येईल असंही करता येतं. मी ते करणार नाही. उन्हात उभ्या गाडीत अर्धी बाहेर आलेली डिस्क वाकते. त्यापेक्षा "डिस्क आत आहे" असं स्क्रीनवर दाखवा.

एक नक्की करा. घरी बर्न केलेल्या डिस्कवर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ती या ड्राइव्हमध्ये घालू देऊ नका. उष्णतेनं डिंक सुटतो, कागद रोलरला अडकतो. ८ सेंमीच्या छोट्या डिस्कसुद्धा नाहीत.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. उतरवता उतरवता वाजवायची कल्पना मला सुचलीच नसती. मावशीच्या जुन्या डिस्कमधली गाणी आता एसएसडीवरही जपली जातील, याचा फार आनंद वाटतो. लेबलवाल्या डिस्क घरच्या कॉम्प्युटरच्या ट्रेवाल्या ड्राइव्हवर उतरवून घेईन.

एकच राहिलं. डब्याशिवाय नुसता स्लिमलाइन साटा ते यूएसबी बोर्ड बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला मिळतो का? की लॅपटॉप ड्राइव्हची बाहेरची केस घेऊन त्यातला काढावा?

प्रतिसाद

केसच घ्या, बोर्ड दोन स्क्रूंत निघतो. फक्त १२.७ मिमीची मागा, ९.५ ची घेऊ नका, आणि ड्राइव्ह सोबत नेऊन दुकानातच लावून बघा. साटाच्या आधीच्या, जुन्या आयडीई जोडणीच्या ड्राइव्हच्या केसही तशाच दिसतात.