डायरीतल्या लाल शाईबद्दल

'पालक शाळेत येतात ते फक्त तक्रार घेऊन' असं एका शिक्षकांनी लिहिलेलं वाचून वाटलं, आपण शिक्षक तरी त्यांना एरवी कशाला बोलावतो? फी भरायला नाहीतर गॅदरिंगला!

बालवाडीत पंधरा वर्षं काढली. एका पोराच्या डायरीत मी दोन महिने 'वर्गात बोलत नाही' असं लिहीत होते, तेही लाल शाईने. एकदा पावसामुळे त्याची आजी वर्गातच थांबली, तर हा तिच्याशी अहिराणीत अखंड बडबडतोय. चूक कोणाची होती ते मला तिथेच कळलं. दुसऱ्या दिवशी आजीकडून शिकून घेतलं आणि त्याला विचारलं, "काय करी ऱ्हायना?" आधी खूप हसला (माझे उच्चार!), मग बोलायला लागला.

१९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं. मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नावच तिथलं. आपण मात्र पालकांना फाटकाबाहेर उभं करतो.

महिन्यातून एकदा आजी-आजोबांना तासभर वर्गात बसवून बघा. सुरुवातीला गोंधळ होईल, होऊ द्या.