मदत हवी आहे: शेंगदाण्याचं दही लागतं, पण पाणी सुटतं

दूध-दही सोडून चार महिने झाले. बाकी सगळं जमलं, पण दहीभात आणि कढीवाचून फार अडतं, म्हणून शेंगदाण्याचं दही लावतेय.

१ वाटी दाणे रात्रभर भिजवून, सालं काढून ३ वाट्या पाण्यात वाटते. गाळून उकळते, कोमट झालं की हिरव्या मिरच्यांची ७-८ देठं घालून झाकून ठेवते. १२ तासांनी छान आंबूस वास येतो, पण वर भेगाळलेला पांढरा थर आणि खाली पिवळट पाणी. चमचा घातला की रव्यासारखं कणीदार.

पाणी २ वाट्यांवर आणलं, भांडं गोधडीत गुंडाळलं, फरक नाही. त्याच दह्याचं विरजण लावलं तर ८ तासांतच लागलं, पाणी मात्र तेवढंच.

खोलीवर इंडक्शन आणि छोटा मिक्सर आहे, फ्रिज नाही. काजू, नारळ, विकतचं व्हीगन दही परवडत नाही. बी-१२ ची गोळी चालू आहे, त्याची काळजी नको.

माझं उकळणं कमी पडतंय की दही जास्त वेळ राहतंय? उकळतानाच चमचाभर तांदळाची पिठी लावली तर घट्ट राहील का, की कढीत चिकट होईल?