प्रवेश घेण्याआधी संशोधन पद्धतींचे पेपर बघा

एमएला मानसशास्त्र घ्यायचं की समाजशास्त्र? 'माणसाचं वागणंच शिकायचं, मग मानसशास्त्र काय नि समाजशास्त्र काय' हे म्हणणं पदवीपर्यंत खपून जातं. एमएला मात्र विषयापेक्षा पद्धत अंगावर येते. एकच प्रश्न घ्या: बघे मदत का करत नाहीत? डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर कुणाला तरी फिटचा झटका आल्याचा आवाज ऐकवला (तो आधीच रेकॉर्ड केलेला होता). आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के झटका संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हा मानसशास्त्राचा खाक्या. समाजशास्त्रवाला विचारणार, जिथे बघे मदतीला आले नाहीत त्या वस्तीत पोलिसांवर भरवसा किती, शेजारी एकमेकांना ओळखतात का. मग महिनोन्‌महिने मुलाखती आणि टिपणं.

त्यामुळे अभ्यासक्रमातली आकर्षक नावं राहू द्या, त्या विभागातले जुने प्रबंध चाळा. आणि संख्याशास्त्राच्या धास्तीने समाजशास्त्राकडे वळणार असाल तर तिथेही सुटका नाही, सर्वेक्षणांचे आकडे कोण सोडवणार?