मदत हवी आहे: गुहागरला बेत न आखता राहायचंय

दिवाळीनंतर सासू-सासऱ्यांसह गाडीने गुहागरला जातोय. नवऱ्याचा तक्ता तयारच असतो: सकाळी व्याडेश्वर, मग वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीबोटीत गाडी घालून जयगड, अंधार पडायच्या आत गणपतीपुळे. ही सुट्टी की तलाठ्याचा दौरा! यंदा एकाच घरगुती मुक्कामी राहायचं कबूल करून घेतलंय, यादीही पुसायला लावली. तरी घड्याळ सुटत नाही. मोदक हवे तर आदल्या दिवशी सांगा, असं मुक्कामाचे घरमालक म्हणतात. सासऱ्यांना मधुमेह, त्यांचं जेवण लांबवता येत नाही. हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्राचं पाणी उसळतं ती खडकातली घळ, बघायची तर भरतीची वेळ गाठायलाच हवी. राहायची जागा बदलणं, मुक्काम वाढवणं शक्य नाही. तिकडे निवांत राहून आलेल्यांनी सांगा: नेमकं काय आधी ठरवायचं आणि काय खुशाल त्या दिवसावर सोडायचं?