सवयीच्या रीतीच्या पलीकडे विद्यार्थ्यांना का सुचत नाही?

प्रश्न: गणित शिक्षक, डिचोली

नमस्कार. डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवतो. वर्गसमीकरणे शिकवताना एक गोष्ट वारंवार दिसते आणि ती मला अस्वस्थ करते. (क्ष − ३)² = १६ हे समीकरण दिले, की हुशार मुलेसुद्धा आधी कंस सोडवतात, सारी पदे एका बाजूला आणून क्ष² − ६क्ष − ७ = ० असे रूप तयार करतात आणि मग सूत्रात किमती घालून उत्तर काढतात. दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेतले तर ७ आणि −१ ही उत्तरे दोन ओळींत मिळतात, हे फळ्यावर दाखवल्यावर त्यांना लगेच पटते. परंतु आपणहून सुचत नाही.

हा बुद्धीचा प्रश्न आहे, सर्जनशीलतेच्या अभावाचा आहे, की आमच्या शिकवण्याचाच परिणाम आहे? एका प्रशिक्षण वर्गात मुलांचे गट पाडून ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे गटाने मिळून सुचतील त्या कल्पना मोकळेपणाने बोलून दाखवणे, घ्यावे असे आम्हाला सांगण्यात आले. त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: मानसशास्त्राची प्राध्यापिका, फोंडा

सर, आपण सांगितलेला प्रकार अब्राहम लुचिन्स यांच्या १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जवळजवळ जसाच्या तसा सापडतो. त्यांनी लोकांना तीन भांड्यांच्या साहाय्याने ठरावीक पाणी मोजण्याची उदाहरणे घातली. भांडी २१, १२७ आणि ३ मापांची आहेत आणि १०० मापे पाणी हवे आहे. तेव्हा मोठे भांडे भरून त्यातून एकदा २१ आणि दोनदा ३ मापे काढावी लागतात. याच रीतीने सुटणारी आणखी काही उदाहरणे झाल्यावर २३, ४९ आणि ३ मापांची भांडी देऊन २० मापे मागितली. २३ मधून ३ काढले की काम झाले, तरीही बहुतेक लोक ४९ चे भांडे भरून त्यातून २३ आणि दोनदा ३ काढत बसले. ज्यांनी आधीची उदाहरणे सोडवलीच नव्हती, त्यांना मात्र सोपी वाट सहज दिसली.

म्हणजे फरक बुद्धीचा नव्हता, आधी काय करून घेतले याचा होता. एखादी रीत चार वेळा यशस्वी ठरली, की पाचव्या वेळी मन प्रश्नाकडे नीट पाहण्याआधीच ती रीत हातात घेते. आपल्या पाठ्यपुस्तकांतील सरावसंच नेमके असेच रचलेले असतात: सूत्र शिकवले, की त्याखालची सगळी उदाहरणे त्या सूत्राचीच. कोणती रीत वापरायची हा निर्णय विद्यार्थ्याला कधी घ्यावाच लागत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घनफळाची उदाहरणे काहींना प्रकारवार, तर काहींना सरमिसळ करून दिली. सरमिसळ मिळालेल्यांच्या सरावात चुका जास्त झाल्या, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत तेच कितीतरी पुढे होते. आपण वर्गमूळ, अवयव आणि सूत्र या तिन्ही रीतींची उदाहरणे एकाच संचात मिसळून द्यावीत आणि सुरुवातीला गुण घसरले तरी धीर सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर २: निवृत्त स्थापत्य अभियंता, चोडण

बाईंच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. त्याला आपल्या मातीतील एक उदाहरण जोडतो. खाजन शेतीला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या सखल शेतीला, नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखायचे असते, पण पावसाचे साठलेले पाणी बाहेरही जाऊ द्यायचे असते. मी मुलांना विचारतो, की भरतीला बंद आणि ओहोटीला उघडे राहणारे दार, रात्रंदिवस माणूस न बसवता, कसे कराल? बहुतेक मुले मोटर आणि सेन्सर सुचवतात. मग मी त्यांना बांधावर नेऊन मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, दाखवतो. लाकडी दारे फक्त नदीच्या बाजूला उघडतील अशी बसवलेली असतात. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने ती चौकटीवर घट्ट टेकतात, आणि ओहोटीला नदीची पातळी उतरली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. ज्या पाण्याला अडवायचे तेच दार लावते! ज्याला मुले केवळ अडचण समजत होती, त्यालाच साधन मानले की प्रश्न सुटतो. असे नमुने मुलांनी भरपूर पाहिले, तर त्यांची नजर तयार होईल असे मला वाटते.

उत्तर ३: संशोधक विद्यार्थिनी, ताळगाव

काका, मानसचे उदाहरण फार सुंदर आहे. मात्र केवळ नमुना पाहिल्याने नजर तयार होते, याबद्दल मला शंका आहे. गिक आणि होलिओक यांनी १९८० साली एक प्रश्न वापरला: पोटातील गाठ जाळू शकेल इतका तीव्र किरण वाटेतील निरोगी भागही जाळतो, तर डॉक्टरांनी काय करावे? अनेक दिशांनी सौम्य किरण सोडून ते गाठीवर एकत्र आणावेत, हे साधारण १० टक्के लोकांनाच सुचले. सैन्याच्या लहान तुकड्या निरनिराळ्या वाटांनी पाठवून किल्ला घेणाऱ्या सेनापतीची गोष्ट आधी वाचायला दिली, तरी हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपासच राहिला. ‘त्या गोष्टीचा उपयोग करा’ असे सांगितल्यावर तो सुमारे ७५ वर गेला. गोष्ट डोक्यात होती. वेळेवर आठवली नाही. पुढच्या प्रयोगांत, दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांतले साम्य शोधायला लावल्यावर परिणाम सुधारला. म्हणून मानस दाखवल्यावर तिथेच न थांबता, तशीच युक्ती असलेली दुसरी रचना, उदाहरणार्थ हातपंपातील झडप, मुलांपुढे ठेवावी आणि दोहोंत समान काय आहे ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

ब्रेनस्टॉर्मिंगविषयी थोडक्यात सांगते. ॲलेक्स ऑस्बोर्न यांनी ती पद्धत लोकप्रिय केली, परंतु तेवढ्याच माणसांनी स्वतंत्रपणे विचार करून कल्पना एकत्र केल्या तर त्या संख्येने जास्त भरतात, हे १९५८ सालापासून पुनःपुन्हा दिसून आले आहे. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि तेवढ्यात त्यांचा धागा तुटतो. गट पाडायचेच असतील, तर आधी प्रत्येकाला एकट्याने कागदावर लिहू द्यावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मिश्र सरावसंच लगेच सुरू करतो. पण सूत्राचा सराव कमी झाला तर कच्ची मुले मागे पडणार नाहीत ना?

उत्तर ४: मानसशास्त्राची प्राध्यापिका, फोंडा

सूत्राचा सराव कमी करू नका, सर. त्याच्याआधी एक पायरी घाला. ची, फेल्टोविच आणि ग्लेझर यांच्या १९८१ सालच्या अभ्यासात भौतिकशास्त्राच्या नवख्या विद्यार्थ्यांनी उदाहरणांचे गट ‘उतरण’, ‘कप्पी’ असे वरवरच्या खुणांवरून पाडले, तर तज्ज्ञांनी ते ‘ऊर्जेची अक्षय्यता’ यांसारख्या तत्त्वांवरून पाडले. तेव्हा दहा-बारा समीकरणांचा एक कागद द्या, काहीही सोडवायचे नाही असे स्पष्ट सांगा, आणि कोणते समीकरण कोणत्या रीतीने का सोडवावे एवढेच प्रत्येकासमोर एका वाक्यात लिहायला लावा. कच्च्या मुलांना आकडेमोडीचे दडपण नसल्यामुळे तीही यात हिरिरीने भाग घेतात, असा माझा अनुभव आहे.