मदत हवी आहे: जुन्या क्षेपणास्त्रांच्या कल्पनाचित्रांचा काळ कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी. १९५० च्या दशकातली अमेरिकन क्षेपणास्त्रं आणि अंतराळयानांची कल्पनाचित्रं मी जमवतोय. बहुतेकांवर ना तारीख, ना चित्रकाराची सही.

अॅटलास या अमेरिकन आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या चित्रांत एक खूण सापडली. सुरुवातीच्या आराखड्यात पाच इंजिनं होती. अण्वस्त्र हलकं झालं आणि तीनच उरली. म्हणजे पाच नळकांडी दिसली की ती कल्पना १९५७ च्या पहिल्या उड्डाणाच्या बरीच आधीची. अशा आणखी खुणा कुणाला माहीत आहेत का? पंख, खिडक्या, रंगाचे पट्टे, काहीही चालेल.

दुसरी अडचण जास्त छळते. अभियंत्याचा आराखडा कुठे संपतो आणि चित्रकाराची कल्पना कुठे सुरू होते? कॉलियर्स साप्ताहिकासाठी चेस्ली बोनस्टेलने रॉकेट अभियंता वेर्नर फॉन ब्राउनच्या आराखड्यांवरून चित्रं काढली. १९५२ मधलं त्यांचं चांद्रयान बघा: पंख नाहीत, निमुळतं नाक नाही, नुसता सांगाडा आणि टाक्या. चंद्रावर हवाच नाही, मग ते हवं कशाला! तिथे गणित स्पष्ट दिसतं. कंपन्यांच्या जाहिरातींतल्या चित्रांत मात्र मला ते ओळखता येत नाही.

तुम्ही आधी काय तपासता? कृपया सविस्तर सांगा.