मदत हवी आहे: घट्ट डब्यात ठेवलेला रेडिओ गंजला, उघड्यावरचा जीपीएस ठणठणीत. असं कसं?

नमस्कार मंडळी,

छोट्या शिडाच्या बोटीवर एका वेळी दोन-तीन आठवडे मुक्काम असतो. सोबत दुसऱ्या बोटींशी बोलायचा हातातला व्हीएचएफ रेडिओ, सुटा जीपीएस, हेडटॉर्च, पॉवर बँक आणि बोटीच्या बॅटरीचं व्होल्टेज दाखवणारं मी स्वतः जोडलेलं एक छोटं सर्किट. खाऱ्या हवेत या वस्तू फार टिकत नाहीत हे मान्य आहे. पण या वेळी जे झालं त्याचा अर्थच लागत नाहीये.

रेडिओ आणि हेडटॉर्च रबरी कडेच्या, खटक्याने घट्ट बसणाऱ्या पाचेक लिटरच्या डब्यात ठेवले होते. सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-दोन ग्रॅमच्या चार पुड्या. जीपीएस मात्र केबिनमध्ये उघड्या फळीवर, कायम चालू. तीन आठवड्यांनी नीट पाहिलं तर डब्याच्या झाकणाला आतून बारीक थेंब. रेडिओच्या चार्जिंगच्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर हिरवा कळंक, शेजारची जवळजवळ स्वच्छ. हेडटॉर्चचं झाकण फिरवताना करकरलं. आट्यांत पांढरी भुकटी होती आणि सेलच्या स्प्रिंगचं टोक तांबूस पडलं होतं. जीपीएसला काहीही नाही.

रेडिओ रोज संध्याकाळी बाहेर काढायचो, वापर झाला की कोरड्या फडक्याने पुसून परत डब्यात. त्यावर आयपी६७, म्हणजे धूळ आणि पाणी आत जाऊ न देण्याचा दर्जा, लिहिलेलं आहे. रात्री अडचण आली तर बोलवायला हाच एक रेडिओ आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय. नेमकं चुकलं कुठे, आणि आता रेडिओ वाचवायचा कसा? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

तुमचा शत्रू नुसता दमटपणा नाही, मीठ आहे. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. म्हणजे रेडिओवर वाळलेल्या मिठाचा पातळसा थर असेल, तर बोटीवर तो कधीच पूर्ण कोरडा होत नाही. कोरड्या फडक्याने मीठ निघत नाही, नुसतं पसरतं. तोच थर तुम्ही रोज डब्यात बंद करत होतात.

एकाच पट्टीवर कळंक का, तर ती बहुधा धन बाजूची असणार. दोन पट्ट्यांमध्ये व्होल्टेज आणि मध्ये खारट ओल, की धन बाजूचं तांबं विरघळायला लागतं. मल्टिमीटर लावून बघा. आणि आयपी६७ची चाचणी गोड्या पाण्यातली असते, १ मीटर खोल, ३० मिनिटं. त्यात मिठाचा किंवा उघड्या पट्ट्यांचा विचार नसतो.

उपाय: समुद्रावरून आत आलं की आधी गोड्या पाण्याने धुवा, सगळी झाकणं लावून. मग पुसा, मग वाळवा. हा क्रम मोडू नका. रेडिओ वापरात नसेल तेव्हा बॅटरी पॅक काढून ठेवता आला तर सगळ्यात उत्तम, पण तुमचा एकच रेडिओ आहे म्हटल्यावर समुद्रावर तो हाताशी तयारच हवा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. डब्याबद्दल थोडं बोलतो, कारण घट्ट डबा म्हणजे कोरडा डबा हा समज फार महागात पडतो.

३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचे थेंब व्हायला लागतात तो, २६ अंशांच्या आसपास येतो. संध्याकाळी तुम्ही डबा उघडलात की तीच हवा आत कोंडली जाते. रात्री डबा २६च्या खाली गेला की झाकणावर थेंब. डबा कुठे ठेवता? पाण्याच्या पातळीखाली, बोटीच्या भिंतीला टेकून असेल तर तो केबिनपेक्षा थंडच राहणार.

आता पुड्यांचा हिशोब. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम पाणी असतं, म्हणजे ५ लिटरच्या डब्यात ०.१२ ग्रॅम. तुमचं आठ ग्रॅम सिलिका फार फार तर अडीच ग्रॅम शोषेल. वीसेक वेळा डबा उघडला की पुड्या संपल्या. बरोबर तीन आठवडे! आणि रेडिओच्या मनगटाच्या दोरीत मुरलेलं पाणी या हिशोबात धरलेलंच नाही. ती एकटी ओली दोरी पुड्या एका दिवसात निकामी करू शकते.

जीपीएस वाचला तो उबेमुळे. २६ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ६७ टक्क्यांवर येते. चालू यंत्र आतून तेवढं गरम राहतं. शिवाय त्याला ओले, खारट हात लागले नाहीत.

रंग बदलणारे सुटे दाणे घ्या, नारिंगीचे हिरवे होणारे. १०० ग्रॅम दाणे कापडी पिशवीत घालून डब्यात ठेवा. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा वापरता येतात. पाणी जमा होणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र उपकरणांजवळ नकोत. ते कलंडले तर आतलं द्रावण मिठापेक्षा कमी घातक नाही.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. मल्टिमीटर लावला, कळंकाची पट्टी धन बाजूचीच निघाली. डबाही भिंतीलाच टेकलेला होता. आणि ती दोरी! रोज ओलीच आत जात होती, कधी लक्षातच आलं नाही.

पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केली तर चालेल का? आणि माझ्या सर्किटचं काय करू? त्याच्या कडा सिलिकॉन सीलंटने बंद कराव्या म्हणतो.

प्रतिसाद ३

अल्कोहोल शेवटी. त्यात मीठ जवळजवळ विरघळत नाही. आधी डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश, कळंक निघेपर्यंत. मग पाणी हटवायला अल्कोहोल, मग पूर्ण वाळू द्या. त्याआधी चार्जिंगला अजिबात लावू नका.

सीलंट लावताना जपून. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतो आणि तुम्ही वाचवायला निघालेलं तांबंच खातो. न्यूट्रल क्युअर लिहिलेलाच घ्या. सर्किटवर मात्र ॲक्रिलिक कॉन्फॉर्मल कोटिंगचे (सर्किटला ओलीपासून जपणारा पातळ लेप) दोन पातळ हात द्या. दुरुस्ती करायची झाली तर ते सॉल्व्हंटने काढता येतं. कनेक्टर आणि बटणांवर आधी टेप लावा, आत कोटिंग गेलं तर संपर्कच होणार नाही. तार कथील चढवलेली, जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), आणि तार आत जाण्याआधी तिला खाली एक वळसा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. त्याची खात्री करायची तर बाटलीच्या बुचात मीठ घेऊन पाण्याने ओलं करा, मापकासोबत हवाबंद बरणीत रात्रभर ठेवा. ७५ दाखवायला हवं.

मूळ धागाकर्ता (१२ दिवसांनी)

मापक बरणीत ७१ दाखवत होता, म्हणजे ४ कमी. ते धरून डब्यात आता ५२ टक्के आहे, आधीच्या पुड्यांसह मोजलं तेव्हा ८३ होतं. डबा भिंतीपासून हलवून चालू जीपीएसशेजारी फळीवर ठेवलाय. दोरी काढून बाहेर टांगतो. पट्टी साफ झाली, तिथे बारीक खड्डा राहिलाय, पण रेडिओ चार्ज होतोय आणि काल दुसऱ्या बोटीशी बोलून खात्री केली. हेडटॉर्चची स्प्रिंग बदलावी लागली.